अडकलेलं बटण

१

सकाळी आंघोळ उरकून तो सेटसमोर बसला, की घरातली भांडीसुद्धा जरा दबकून वाजतात, असं त्याची बायको म्हणायची. म्हणायची, म्हणजे पूर्वी. आता भांडी दबकूनच वाजत होती आणि ती त्याबद्दल काही म्हणत नव्हती.

शहरात ज्या कोणाकडे हौशी रेडिओचा परवाना होता, ते सगळे सकाळी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमायचे. आपापली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगायची, गाडीतून बोलत असेल त्यानं पुढे 'मोबाइल' जोडायचं, आवाज कसा येतोय ते विचारायचं, थोडी एकमेकांची खेचायची आणि कामाला लागायचं. या मंडळींची हजेरी तो घ्यायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतली नोकरी त्यानं मुदतीआधीच सोडली होती, पण हवेवर त्याला अजूनही लिफ्टवालाच म्हणत.

"लिफ्टवाले, लवकर उरका," दातांचा डॉक्टर म्हणायचा. त्याचं नाव अर्थातच दातवाला. "इथं एक जण आ करून बसलाय."

"त्याचा आवाज येतोय का बघ. त्यालाही हजेरीत घेतो."

"थांब, त्याचा आवाज आता तुला सेटशिवाय ऐकू येईल."

हवेवर तो असा बोलायचा. माइकचं बटण सुटलं की तोंडही मिटायचं.

सेट होता मुलीच्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर. मुलगी एकोणीस वर्षांची होऊन, थोडक्या दिवसांच्या आजारात गेली, त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं होतं. आधी हा सगळा पसारा गॅलरीत असायचा. ती गेल्यावर महिन्याभरात एका दुपारी त्यानं तो उचलून इथं आणला, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून अँटेनाची केबल आत घेतली. बायको दारात उभी राहून बघत होती.

"गॅलरीत पाणी येत होतं का?" तिनं एवढंच विचारलं.

"हो," तो म्हणाला.

गॅलरीत पाणी येत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

२

बायको फिजिओथेरपिस्ट होती. कोणाचा गुडघा बदललेला, कोणाचा खांदा आखडलेला, अशा लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायची. दिवसभर गाडीतून हिंडणं. मुलगी गेल्यापासून तिला यायला जरा उशीर झाला की तो गॅलरीत जाऊन रस्ता बघत राहायचा. फोन केला तर ती पेशंटचा पाय धरून बसलेली असायची, उचलायची नाही. म्हणून त्यानं तिच्या गाडीत सेट बसवायचं ठरवलं. परवाना तिच्याकडे होताच. लग्नानंतर त्यानंच मागे लागून तिला परीक्षेला बसवलं होतं, आणि ती त्याच्यापेक्षा जास्त गुणांनी पास झाली होती. नियम तिला त्याच्याहून चोख पाठ होते.

एक अख्खा रविवार त्यात गेला. बॅटरीवरून थेट दोन वायरी घेतल्या, दोन्हींवर फ्यूज लावले, इंजिनामागच्या पत्र्यातल्या रबरी बुचातून त्या आत ओढल्या. सेट डॅशबोर्डखाली, माइकची खुंटी हँडब्रेकशेजारी, अँटेना छतावर लोहचुंबकाच्या बैठकीवर. मग मीटर जोडून तो अँटेनाची काडी इंचाच्या आठव्या-आठव्या भागानं छाटत बसला. ती चहा घेऊन खाली आली.

"हे काय मोजताय?"

"आपण पाठवलेलं किती परत येतंय ते. चांगली अँटेना असली तर काही परत येत नाही. गेलं की गेलं."

तिनं चहाचा कप बॉनेटवर ठेवला.

"म्हणजे अगदी तुमच्यासारखंच," ती म्हणाली. "कितीही बोला, परत काही येत नाही."

त्यानं ऐकलं नाहीसं दाखवलं. काटा शून्यावर येऊन पडला होता.

पुढचे काही आठवडे सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. संध्याकाळी स्पीकर खुटखुटायचा, तिचा आवाज यायचा, "अहो, निघाले." तो बटण दाबून म्हणायचा, "ठीक." दिवसभरातलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं तेच होतं.

३

एका दुपारी तो टेबलाशी बसून एका कनेक्टरला डाग देत होता. फ्रिक्वेन्सी मोकळी होती. एकदम सिग्नलचा काटा उभा राहिला आणि स्पीकरमधून गाडीच्या इंजिनाचा आवाज यायला लागला. मग इंडिकेटरची टकटक.

त्याला हसू आलं. हे प्रत्येकाच्या बाबतीत एकदा तरी होतं. माइक खुंटीवरून निसटतो, सीट आणि हँडब्रेकच्या फटीत जाऊन बसतो, बटण दाबलं जातं, आणि माणसाला पत्ता नसतो की आपण जगाला ऐकू जातोय. त्याला हवेवरून सांगताही येत नाही, कारण बटण दाबलेलं असेपर्यंत त्याचा सेट फक्त पाठवतो, ऐकत नाही.

ती काहीतरी गुणगुणत होती. त्यानं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. ती गुणगुणते, हेच तो विसरला होता.

"डावीकडे घे," एक पुरुष म्हणाला. "पुढे रस्ता खोदलाय."

"तुला बरं माहीत!"

"सकाळी आपण अडकलो नव्हतो का?"

"तू अडकलास. मी तर मजेत गाणी ऐकत होते." ती हसली. "आणि त्या आजीचा गुडघा बघितलास? मला म्हणते, हळू गं बाई, मला अजून लग्नात नाचायचंय. मी विचारलं, कोणाच्या? तर म्हणे, माझ्याच."

तो पुरुष मोकळेपणानं हसला, पोटातून. आवाज जरा पातळ होता, थोडा नाकातला, पण सुखी माणसाचा. ऐकलेला वाटत नव्हता.

त्याच्या कानात एकच अक्षर राहिलं. तू.

कॉलेजात असताना ती त्यालाही तूच म्हणायची. लग्न झालं, घरात सासूसासरे होते, त्यांच्यासमोर अहो आलं, आणि सासूसासरे गेल्यावरही ते गेलं नाही. तू म्हणजे कोण असतो, हे काय सांगायला हवं?

त्यानं फोन उचलून तिला लावला. त्याच्या एका कानात रिंग वाजत होती, आणि समोरच्या स्पीकरमध्ये, गाडीत, तिचा फोन वाजताना ऐकू येत होता.

"उचलू नकोस," पुरुष शांतपणे म्हणाला. "तोच असेल."

"कोण?"

"घरातला."

रिंग वाजत राहिली. त्यानं ती शेवटपर्यंत वाजू दिली. दोन्ही कानांनी ऐकलं, की तिनं उचलला नाही.

४

संध्याकाळी ती आली, चप्पल काढली, पाणी प्यायली.

"फोन केला होता."

"हो का? गाडी चालवत होते."

"सोबत कोणी होतं?"

"कोण असणार?" ती म्हणाली. "मी आणि माझी पिशवी."

ती खोटं बोलताना नजर चुकवायची नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. की ती खरंच बोलत होती? भाजी चिरायला बसली तेव्हा तिच्या खांद्यांना एक सैलपणा होता, तो त्याला बघवेना.

किल्ली घेऊन तो खाली गेला. माइक खुंटीवर नीट होता. शेजारच्या सीटवर बसून बघितलं. वास नाही, केस नाही, काही नाही. सीट मात्र पार मागे सरकवलेली होती. लांब पायांचा माणूस बसला की सरकवतो तशी. त्याचेही पाय लांब होते. तो नीट मावला.

आता कोणी शहाण्या माणसानं काय केलं असतं? खुंटी घट्ट केली असती, किंवा सेटच काढून आणला असता. त्यानं खिशातून कानस काढली आणि खुंटीची कड घासून जरा गुळगुळीत केली. पहिल्या खड्ड्याला माइक घसरेल इतपत. मग वर येऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर त्यानं ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून पाच काड्यांची दिशा धरणारी अँटेना बांधली आणि खिडकीबाहेरच्या पाइपवर अशी बसवली, की खुर्चीत बसल्या बसल्या हातानं फिरवता यावी. ती ज्या बाजूला रोखाल, तिकडचं ठळक ऐकू येतं, बाकीचं मागे पडतं. काम सुबक झालं होतं. असं सुबक काम त्यानं बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

५

त्यानंतर बहुतेक दुपारी गाडी ऐकू यायची. तो पाइप धरून अँटेना गावावरून फिरवायचा, काटा चढेल तिथं थांबायचा. ती गोदीच्या बाजूला गेली, आता इस्पितळाच्या रस्त्याला लागली, हे त्याला बसल्या जागी कळायचं. आणि तो पुरुष कायम सोबत. तो कुठं गाडीत चढल्याचं ऐकू येत नसे, उतरल्याचं ऐकू येत नसे. दार एकदाच वाजायचं, तिच्या बाजूचं.

प्रेमाचं असं काही ते बोलत नव्हते. ते बोलले असते तर त्याला सोपं गेलं असतं. वाण्याकडचा साबण, तिची दुखरी पाठ, शेजाऱ्यांचा कुत्रा. आणि एका दुपारी, अगदी साबणावर बोलताबोलता, त्या पुरुषानं मुलीचा विषय काढला. त्याचा हात पाइपवर होता, तो तिथंच राहिला. या घरात तो विषय कोणी काढत नव्हतं. तिनं सुरुवातीला दोनदा काढला होता, आणि दोन्ही वेळा तो उठून सेटसमोर जाऊन बसला होता.

"तुला एक गंमत कधी सांगितलीच नाही," पुरुष म्हणाला. "ती आठ वर्षांची असेल. शाळेतून आणताना आम्ही नदीवरच्या उंच पुलावर गाडी थांबवायचो. तिथून लांब आवाज जातो. तेव्हाच्या गाडीत सेट होता ना, त्याचा माइक मी तिच्या हातात द्यायचो."

"परवाना नसताना?" पण ती रागावली नव्हती.

"म्हणून तर तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं. बोटाला बोट लावून शपथ घेतली होती. तर तिनं स्वतःची कॉलसाइन काढली. 'बटाटा मोबाइल बोलतेय, बटाटा मोबाइल, ऐकतंय का कोणी?'"

"अगं बाई."

"मी म्हटलं, झालं, आता परवाना जातो. तेवढ्यात लांबून एक म्हातारा आवाज आला. एकदम गंभीर. 'बटाटा मोबाइल, तुझा आवाज सालासकट ऐकू येतोय.'"

ती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता पुन्हा हसली. गाडी बाजूला थांबल्याचा आवाज आला. इंजिन बंद झालं. बराच वेळ नुसतं तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

मुलीच्या टेबलाशी बसून त्यानं हे सगळं ऐकलं.

ही गोष्ट जगात दोन माणसांना माहीत होती. त्यातली एक आता नव्हती. दुसऱ्यानं ती कोणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. लेकीचं त्याच्याकडे त्याचं एकट्याचं असं तेवढंच उरलं होतं आणि त्याला ते मोडायचं नव्हतं. म्हणजे तिनंच सांगितलं असणार, आणि हा ती स्वतःची म्हणून खपवत होता. बोटाला बोट लावून घेतलेली शपथ मोडून, कधीतरी, या माणसाला. कधी? हा घरी यायचा? आपण कामावर असताना?

मेलेल्या मुलीवर रागवायची वेळ येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी दातवाल्याचा फोन आला.

"अरे, वहिनींच्या गाडीतला माइक अडकतोय. चारचौघांत सांगायला बरं दिसेना, म्हणून म्हटलं फोन करावा."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तू ऐकलंस?"

"सगळ्यांनीच थोडं थोडं ऐकलंय. फ्रिक्वेन्सी तुमच्या तीर्थरूपांची नाहीये." दातवाला हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण खरं सांगू? बरं वाटलं रे. ते बटाट्याचं ऐकताना तर मी पेशंटला तसाच खुर्चीत सोडून बाहेर आलो. तू तिच्याबद्दल बोलायला लागलास, हे फार चांगलं झालं."

"मी?"

"मग कोण?"

"मी घरी होतो. इथं. सेटसमोर."

"बरं बरं," दातवाला म्हणाला. "वहिनींबरोबर गाडीत तुझा जुळा भाऊ फिरत असेल. अरे बाबा, वीस वर्षं रोज सकाळी तुझा आवाज ऐकतोय. हजेरी घेतोस माझी. तुझा आवाज मला नाही कळणार?"

फोन ठेवल्यावर त्याला एक साधी गोष्ट सुचली, आणि ती आधी न सुचल्याचं आश्चर्यही वाटलं नाही. बोलणाऱ्याचा सेट बोलताना बहिरा असतो. वीस वर्षं गावानं त्याचा आवाज हवेवर ऐकला होता. तो कसा लागतो, हे न ऐकलेला सगळ्या गावात एकच माणूस होता.

त्यानं मोबाइलवर स्वतःचं एक वाक्य रेकॉर्ड केलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून "डावीकडे घे, पुढे रस्ता खोदलाय" असं म्हणाला. फोन कानाशी धरला.

जरा पातळ. थोडा नाकातला. फक्त सुखी नव्हता.

त्यानं पुन्हा ऐकलं. मग तर्क लढवायला बसला. नकला करणारे असतात. जुनी बोलणी कापून जोडणारे असतात. पण गुडघ्याच्या आजीवर ताज्या ताज्या हसायला कोणाची जुनी बोलणी पुरणार? माणूस स्वतःला नकळत उठून जातो, असंही कुठं कुठं असतं म्हणे. पण खुर्ची गरम होती, कनेक्टर पूर्ण झाले होते, ॲल्युमिनियमच्या कापलेल्या नळ्या जमिनीवर होत्या. तो इथंच होता. दुपारभर इथंच.

मुलीनं शपथ मोडली नव्हती, एवढं मात्र खरं. ते कळून बरं वाटायला हवं होतं.

७

रविवारी सकाळी बायको दोन कप घेऊन त्या खोलीत आली. एरवी ती दारापर्यंतच यायची. आज आत येऊन मुलीच्या पलंगाच्या कडेवर बसली, कप त्याच्या हातात दिला.

"अहो," ती म्हणाली, "तो सालासकट म्हणणारा म्हातारा कुठला होता हो? ते विचारायचं राहूनच गेलं."

उत्तर त्याला माहीत होतं. तोंडाशी आलं होतं. पण ती गोष्ट त्यानं तिला दिली नव्हती. ती त्याच्या घरातून कोणीतरी उचलून नेली होती, आणि आता त्याच्याकडेच तिची उरलेली किल्ली मागितली जात होती.

"कोण म्हातारा?"

"असं काय करता? पुलावरचा."

"मी तुला असलं काही सांगितलेलं नाही."

तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. "मग कोणी सांगितलं?"

"ते तू सांग. गाडीत कोण असतं तुझ्या?"

खिडकीबाहेर वाऱ्यानं ती पाच काड्यांची अँटेना जराशी कुरकुरली. बायकोनं तिच्याकडे बघितलं, मग सेटकडे, मग त्याच्याकडे.

"तुम्ही ऐकत होता."

"बटण अडकतं."

"अडकतं की अडकवलंय? खुंटी घासलेली दिसते मला. मी रोज माणसांचे सांधे बघते, झिजलेलं आणि घासलेलं मला वेगळं कळतं."

"आणि फोन? तो म्हणाला उचलू नकोस, आणि तू उचलला नाहीस. ते मला वेगळं कळत नाही का?"

चहावर साय धरायला लागली होती.

"दोन वर्षं," ती म्हणाली, "मी या दारात येऊन उभी राहत होते. तुम्हाला कळायचं, मी आलेय ते. पाठ ताठ व्हायची तुमची. एकदा तरी मागे वळून बघितलंत?"

"तो कोण आहे?"

"तुम्हीच आहात असं वाटलं होतं मला. पहिल्या दिवशी. म्हटलं, आज लवकर खाली येऊन बसलेत वाटतं गाडीत. केवढा आनंद झाला होता."

"आणि नंतर?"

तिनं दोन्ही कप उचलले, त्याचा भरलेला, तिचाही भरलेला.

"नंतर मी विचारायचं सोडून दिलं," ती म्हणाली.

८

सोमवारी ती कामावर गेली. त्यानं सकाळची हजेरी घेतली नाही. मंडळी दोन-तीनदा हाका मारून, आपसात बोलून गेली.

दिवसभर तो एकच वाक्य जुळवत होता. संध्याकाळी ती आली की सेट बंद करायचा, खुर्ची वळवायची आणि सांगायचं: तो म्हातारा पलीकडच्या काठावर राहायचा, रेल्वेत गार्ड होता. मग पुढे आणखी एक वाक्य. मग आणखी एक. मुलगी त्याला नंतर गार्डआजोबा म्हणायची. एवढं तर कोणालाही जमेल. त्यानं ते हळू आवाजात म्हणून बघितलं, आणि आवाज घोगरा निघाला.

ऊन कलायच्या सुमाराला काटा उभा राहिला. इंजिन. इंडिकेटर. तिला आता बटणाचं माहीत होतं, तरी माइक उघडा होता.

"सांग ना," ती म्हणत होती. "तो म्हातारा कुठला?"

"पलीकडच्या काठावरचा. रेल्वेत गार्ड होता. ही त्याला नंतर गार्डआजोबा म्हणायची."

"गार्डआजोबा," ती म्हणाली, जिभेवर चव घ्यावी तशी.

ते वाक्य ओठांवर तसंच ठेवून तो बसून राहिला.

मग सवयीनं त्याचा हात पाइपकडे गेला. त्यानं अँटेना गोदीकडे वळवली, काटा पूर्ण उभा. इस्पितळाकडे, पूर्ण उभा. दोन्हींच्या मधे, जिथं नुसती डोंगराची उतरण होती, तिथंही तसाच. पाइप पुरा एक फेरा फिरला, काटा केसभर हलला नाही. असं तेव्हाच होतं, बोलणारा सेट अगदी हाताच्या अंतरावर असला की.

खाली गाडी येऊन थांबली. त्यानं खिडकीतून बघितलं. ती उतरली, गाडीच्या पुढून वळसा घालून पलीकडे गेली, दुसरं दार उघडून धरलं आणि थांबली. पाय आखडलेल्या माणसाला उतरायला वेळ लागतो, तेवढी थांबली. वरून फक्त छप्पर आणि अँटेनाची काडी दिसत होती. मग तिनं दार लोटलं आणि जिन्याकडे निघाली. तिचा एक हात अंगापासून जरा लांब होता, कोणी धरलेला असावा तसा. कठड्याच्या आड जाता जाता एक बाही दिसल्यासारखी वाटली. निळी. त्यानं स्वतःच्या अंगावर बघितलं नाही.

गाडी खाली रिकामी उभी होती. माइक गाडीत होता. आणि स्पीकरमधून जिना चढण्याचा आवाज येत होता. दोन माणसांचा.

त्यानं सेटचा आवाज पूर्ण बारीक केला. पावलं थांबली नाहीत. आता ती भिंतीपलीकडून येत होती. कुलपात किल्ली फिरली. बाहेरच्या खोलीत पिशवी ठेवल्याचा आवाज आला, चपला काढल्याचा, मग आणखी एका जोडीचा. कोणीतरी काहीतरी हळू बोललं आणि ती हसली.

त्याची खुर्ची करकरली.

हसणं थांबलं.

"आत कोण आहे?" बायकोनं विचारलं. आवाजात भीती होती, खरी, परक्या माणसाची असते तशी.

तो उठला. दाराकडे तोंड करून उभा राहिला. एकच अक्षर म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, छाती भरून घेतली, आणि ओठ हलले. खोलीत काही ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. बारीक केलेल्या स्पीकरमध्ये एक खरखर उठली आणि बसली.

"कोणी नाही," बाहेरून उत्तर आलं. जरा पातळ, थोडा नाकातला आवाज. "सेट चालू राहिलाय."

पावलं दाराशी आली. दार वीतभर उघडलं. आत एक हात आला, त्यानं इकडेतिकडे चाचपलं नाही. त्याला खोलीतलं सगळं ठाऊक होतं.

"थांब, नुसतं बटण नको," मागून ती म्हणाली. "मुळापासून बंद कर त्याला."